एक कमी शे

वडखेडे, ता. शिंदखेडा
८ ऑगस्ट १९९३

सुवार्ता हिस,

अक्षर ओळखलं असशीलच. शाळेच्या फळ्यावर सुविचार अजून मीच लिहितो. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माय बरी आहे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. हे पत्र लिहायला बसलो तेही तिच्या जिभेपायीच.

येत्या नोव्हेंबरात आपल्या चर्चला शंभर वर्षं होतात. चुना चालू आहे, बाकांना पॉलिश होतंय, घंटेला नवा दोर आणलाय. ज्या टर्नरसाहेबांनी मंडळी स्थापली, त्यांच्या अमेरिकेतल्या गावाहून पाहुणे येणार आहेत. तिकडे म्हणे मैलोगणती मकाच मका, आणि त्यात आपल्याहून जुनं प्रेसबिटेरियन चर्च. स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वर्षी मला वडीलमंडळात घेतलं. तुला कळलं असेल. कसं कळणार म्हणा.

पाहुण्यांना आपली रविवारची हजेरी दाखवायची असं ठरलंय. इतिहासात मी तिच्याबद्दल असं लिहिलंय, वाच: ‘उपासनेआधी पाळक एकेका घराला त्याच्या मूळ पुरुषाच्या नावाने पुकारतात. त्या घरातले सर्वांत वडीलधारे माणूस उभे राहून “बठ्ठा हजर शेतस”, म्हणजे सगळे हजर आहेत, असे उत्तर देते. आज मंडळीत पदवीधर आहेत, सरकारी नोकर आहेत, तरी हे उत्तर गावच्या बोलीतच देतात. लोकांना शिस्त लागावी म्हणून टर्नरसाहेबांनी ही पद्धत घातली.’ भाषा बरी जमली आहे असं पाळकसाहेब म्हणाले.

आता अडचण ऐक. पाळकसाहेब ‘झिपरूचं घर!’ असं पुकारतात. माय काठी टेकत उभी राहते. आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “एक कमी शे.”

आबा गेल्यापासून पाच वर्षं, दर रविवारी हेच. बायका पदर सावरतात, पोरं एकमेकांना ढोपरं मारतात, आणि मी गाण्याच्या पुस्तकात डोकं घालतो. एक कमी म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू कचेरीत सही करून लग्न केलंस आणि वरणगावला गेलीस. लग्न मंडळीबाहेर झालं म्हणून मंडळीनं तुझं प्रभुभोजन बंद केलं, हजेरीतून नाव काढलं. ते झालं गेलं. सुकदेवराव फॅक्टरीत चांगल्या हुद्द्यावर आहेत असं ऐकतो. तू तुझ्या घरी सुखी आहेस, आम्ही आमच्या. मग जखमेची खपली दर आठवड्याला कशाला काढायची?

तर तू मायला दोन ओळी लिही. ‘माय, मी सुखात आहे, मला मोजू नकोस’ एवढंच. मी तिला वाचून दाखवीन. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल.

सुकदेवरावांना सलाम लिहावा की जयभीम, ते मला ठरवता येत नाही. तुला योग्य वाटेल ते सांग.

तुझा भाऊ,
शांतवन


वडखेडे
२९ ऑगस्ट १९९३

सुवार्ता,

कार्ड पोचलं. मी ऐसपैस पत्र लिहिलं आणि तू चार शब्द पाठवलेस. ‘माय खरंच असं म्हणते?’ वर मायना नाही, खाली सही नाही. मी काय मागितलं आणि तू काय विचारतेस!

हो, खरंच म्हणते. मी कशाला खोटं लिहू?

आबा होते तोवर घरातले मोठे म्हणून तेच उत्तर देत. तू गेलीस त्याच्या पुढच्याच रविवारी ते ताठ उभे राहिले आणि ‘बठ्ठा हजर शेतस’ म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. माय बायकांच्या बाजूला खाली मान घालून बसली होती. आबा गेले, त्यांना माती दिली, आणि पुढच्या रविवारी उत्तर द्यायची पाळी मायवर आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, “एक कमी शे.” सगळ्यांना वाटलं आबांबद्दलच बोलतेय. बायकांनी डोळे टिपले. मीही टिपले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. मग पाळकसाहेब तिला बाजूला घेऊन अगदी लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, “बाई, जे प्रभूकडे गेले ते हजेरीत धरत नाहीत.”

माय म्हणाली, “मरेलले मोजतस नही, माले ठाऊक शे. मी जित्ती पोर मोजी ऱ्हायनी.”

पाळकसाहेबांचा चेहरा पाहायला हवा होतास. त्या दिवसापासून ते झिपरूचं घर पुकारतात आणि मायचं उत्तर पुरतं व्हायच्या आतच पुढचं घर पुकारतात.

कौतिकराव वडीलमंडळाचे चिटणीस आहेत. सायकल दुकानवाले, तुला आठवत असतील, बोलताना टाळूवरून हात फिरवतात ते. त्यांनी परवा सुचवलं की शताब्दीच्या दिवशी आमच्या घराचं उत्तर मी द्यावं. बाई थकल्या, सर आता वडीलमंडळात आहेत, वावगं दिसणार नाही. विचार करून सांगतो म्हटलं.

कार्ड मायला दाखवलेलं नाही. त्यात दाखवण्यासारखं आहे काय? तू नीट पत्र लिही. पाहुण्यांसमोर घराची शोभा व्हायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

शांतवन


वडखेडे
१० ऑक्टोबर १९९३

सुवार्ता,

तुझं पत्र आलं नाही. ते आता नकोच. काय झालं ते सांगतो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली आणि सगळी मंडळी हलली. कपडे, भांडी, गोधड्या गोळा झाल्या. कौतिकराव आणि तरुण संघातला वना, दोघं ट्रकबरोबर गेले आणि चार दिवसांनी परत आले. आज उपासनेत वनानं तिथलं सांगितलं. सांगताना रडला बिचारा. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं.

घरी आलो. माय ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मला वाटलं, आज मन मऊ आहे, हीच वेळ. म्हटलं, माय, शताब्दीच्या दिवशी एकदाच ‘बठ्ठा हजर’ म्हण. पाहुणे येऊन-जाऊन दोन दिवसांचे. आपलं रडगाणं त्यांना कशाला?

तिनं सुरी खाली ठेवली. “मी काय रडगानं गास का रे? मी सांगी ऱ्हायनी. किल्लारीले दोन जन गयात. चांगलं करं. वरणगाव त्यानापेक्षा जवळ शे.”

मला अर्थच लागला नाही. म्हटलं, म्हणजे काय?

“तू इतिहास लिखस ना, मास्तर? मंग हजेरी कसानी शे, तेच तुले माहीत नही?”

मी माझा परिच्छेद वाचून दाखवला. शिस्तीवर येताच ती हसली. बोळकं तोंड उघडून हसली. मग तिनं जे सांगितलं ते तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. ते मी माझ्या भाषेत लिहितो, कारण तिच्या भाषेत लिहिताना माझा हात अडखळतो. शिक्षकाची खोड.

मंडळी नवी होती तेव्हा छप्पनचा, म्हणजे संवत १९५६चा, इसवी १८९९-१९००चा दुष्काळ पडला. पाठोपाठ पटकी आली. माणसं पोटासाठी रेल्वेच्या मातीकामावर पांगली. कोण कुठे पडलं, कोण कुठे मेलं, पत्ता लागेना. तेव्हा रविवारी घरं पुकारायला सुरुवात झाली. ज्या घरानं ‘एक कमी शे’ म्हटलं, त्या घराच्या माणसाला शोधायला मंडळीतले दोघं त्याच आठवड्यात निघत. बरोबर भाकरी बांधून नेत. मेला असेल तर माती देत, जगला असेल तर भाकरी देत. पुढच्या रविवारी उभं राहून सांगत, पाहून आलो, जिवंत आहे. ओढून आणायचं असा नियम नव्हता. जाऊन पाहून यायचं, एवढाच नियम.

आणि आता हे ऐक. आपला झिपरू, आबांचा आजा, तोही एकदा कमी पडला होता. बाप्तिस्मा होऊन पाच-सहा वर्षं झालेली. बायकोनं उभं राहून सांगितलं, एक कमी शे. दोघं गेले. नरडाण्याच्या पुढे रुळाच्या कामावर एका बाभळीखाली सापडला. पटकीनं सुकलेला, आणि कपाळाला शेंदूर. जीव वाचावा म्हणून मरीआईला नवस केला होता त्यानं. त्या दोघांनी शेंदूर पाहिला. पुसला नाही, विचारला नाही. पाणी पाजलं, पाठीवर घातला आणि आणला. “म्हनीसन आपलं घर शे,” माय म्हणाली. ते दोघं शेंदूर पाहून मागे फिरले असते, तर तूही नसतीस आणि तुला पत्र लिहायला मीही नसतो.

मी पाच वर्षं समजत होतो की माय आमची लाज काढतेय. ती मंडळीला काम सांगत होती. दर रविवारी. आणि कोणाला ते काम आहे हेच माहीत नव्हतं.

शेवटी मी विचारलं, मग एवढी वर्षं तूच का नाही गेलीस? भुसावळपर्यंत गाडी आहे.

तिनं लसणाची सालं गोळा केली. “मी गयी असती ते ती मायनी माया व्हती. तिनं नाव मायनी काढं नही, मंडळीनी काढं. मंडळीनी जावाले पाहिजे.”

मग मी तुझं कार्ड आणून वाचून दाखवलं. चारच शब्द, पण दोनदा वाचायला लावले. म्हणाली, “आते तिले ठाऊक पडनं. बरं व्हयनं.” आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. कार्ड मात्र परत दिलं नाही. पोलक्यात ठेवलंय.



शांतवन


वडखेडे
२४ ऑक्टोबर १९९३

सुवार्ता,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. ‘इकडे सर्व ठीक. मुलगी पाचवीत आहे. तिला झिपरूची गोष्ट सांगितली.’ मुलीचं नाव लिहिलं नाहीस. मुद्दाम की विसरून, मला विचारायचा हक्क नाही, पण विचारतोय. नाव काय?

आज वडीलमंडळाची बैठक झाली. मी इतिहासातला शिस्तीचा परिच्छेद खोडला होता आणि दुष्काळाची सगळी हकिकत घातली होती, शेंदरासकट. वाचून दाखवली. वाचताना माझा आवाज चढला असं कोणी नंतर म्हणालं. चढला असेल.

पाळकसाहेबांनी विचारलं, “साहेबांच्या कागदपत्रांत हे आहे का?” नाही. “म्हणजे बाईंच्या सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट.” हो. आपल्या मंडळीतल्या निम्म्या गोष्टी कोणाच्या ना कोणाच्या सासूनंच सांगितल्या आहेत, असं मी म्हणालो.

कौतिकराव टाळूवरून हात फिरवत म्हणाले, “सर, गोष्ट खरीच असेल. माझी आजीपण असंच काहीतरी सांगायची. पण हे छापलं, तर पाहुणे पहिला प्रश्न विचारतील, की बाई पाच वर्षं सांगताहेत, तर तुमच्यातले कोण दोघं गेले? काय उत्तर देऊ?”

त्यांचा मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तेवढं खरं बोलणारा त्या खोलीत तो एकटाच माणूस होता. मी म्हटलं, उत्तर द्यायचं नसेल तर जाऊ या. अजून वेळ आहे. त्यावर तुझं लग्न निघालं, तुझा धर्म निघाला, सुकदेवरावांचा निघाला. मी म्हटलं, त्यांच्या आजोबांचा आणि आपल्या आजोबांचा गावात पाणवठा एकच होता, दोघांनाही दुसऱ्या पाणवठ्यावर शिवू देत नव्हते. ते वेगळ्या वाटेनं बाहेर पडले, आपण वेगळ्या. आपल्या मंडळीत पाणवठ्याची गोष्ट कोणी काढत नाही.

परिच्छेद काढायचा ठराव झाला. शिस्तच छापायची. आणि शताब्दीला उत्तर मी द्यायचं.

इथं एक गोष्ट दुरुस्त करतो. ऑगस्टमध्ये मी तुला लिहिलं की विचार करून सांगतो म्हटलं. तसं नव्हतं. मी तेव्हाच हो म्हटलं होतं, आणि वर कौतिकरावांना चहाही पाजला होता.

एकवीस नोव्हेंबरला मी काय करीन ते मला ठाऊक नाही. या वयात शाळेत, मंडळीत, बाजारात लोक ‘सर’ म्हणून हात जोडतात, ते मला आवडतं. तुला हे कळणार नाही. किंवा तुलाच जास्त कळेल, तू ते सगळं सोडून गेलीस.

तुझी वहिनी म्हणते, गप्प राहा, पोरीची सोयरीक बघायची आहे. तिचंही चूक नाही.

शांतवन


वडखेडे
२२ नोव्हेंबर १९९३

प्रिय सुवार्ता,

तुला, सुकदेवरावांना आणि चि. संघमित्राला प्रभूमध्ये सलाम. त्यांना चालत नसेल तर माझा नुसता नमस्कार दे. नाव कळवलंस, बरं केलंस. माय दिवसभर ते घोळवत होती. तिला जोडाक्षर जमत नाही. ती ‘संगी’ म्हणते.

काल शताब्दी झाली. मांडव होता, बँड होता, पाहुणे पाच आले होते. उंचच उंच, घामाघूम, मन लावून ऐकणारे. स्मरणिका वाटली. तिच्यात माझं नाव आहे आणि शिस्त आहे. मी ती अजून उघडलेली नाही.

हजेरी सुरू झाली. एकेक घर उठत होतं, ‘बठ्ठा हजर शेतस’ म्हणत होतं, कौतिकरावांचा कॉलेजातला भाचा पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होता, पाहुणे मान डोलावत होते. माय पलीकडे बायकांच्या बाजूला, पांढऱ्या पातळात. तिला मी सकाळीच सांगितलं होतं की आज उत्तर मी देणार. काय देणार ते सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. ती ‘बरं’ म्हणाली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

“झिपरूचं घर!”

मी उभा राहिलो. ‘बठ्ठा’ हा शब्द जिभेवर होता. समोर पाहुणे होते, कौतिकराव होते, पुढच्या बाकावर पोरीसाठी पाहिलेल्या स्थळाकडची माणसं होती. सुवार्ता, मला शूर म्हणू नकोस. मी बाकाची कड धरून उभा होतो. पण तोंडातून निघालं, “एक कमी शे.” मायच्याच चालीत.

भाच्यानं पाहुण्यांना सांगितलं, यांचंही सगळं घर हजर आहे. पाहुण्यांनी मान डोलावली. मला हसू आलं आणि त्या हसण्यानंच धीर आला. पाळकसाहेब पुढचं घर पुकारणार तेवढ्यात मी म्हणालो, “थांबा. कोण दोघं जाणार?”

मी पुन्हा विचारलं. कौतिकराव पायाकडे बघत होते. वना, किल्लारीला रडलेला वना, अर्धा उठला. त्याच्या बापानं त्याचा सदरा धरून खाली बसवला. मी म्हणालो, “एक मी जातो. दुसरं कोण?”

कोणी उठलं नाही. मग पलीकडून काठीचा आवाज आला. माय उभी राहिली होती.

मी म्हटलं, माय, तू नाही. तूच म्हणत होतीस ना, मंडळीनं जावं.

“तू वडीलमंडळना शेस, मी मंडळी शे,” ती म्हणाली. “व्हयनात दोन.”

भाच्यानं त्याचं भाषांतर केलं नाही.

संध्याकाळी कौतिकराव घरी आले. ओसरीवरसुद्धा चढले नाहीत. म्हणाले, “सर, पुढच्या बैठकीला येऊ नका, मला बोलायला लावू नका.” मग पिशवीतून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून मायच्या हातात दिली. “वरणगावच्या पोरीला द्या.” एवढं बोलून सायकलवर बसून गेले. माणसाचं काय करावं कळत नाही. स्थळाकडून निरोप नाही. वहिनी माझ्याशी बोलत नाही, पण तिनं उडीद-ज्वारी दळून आणली आहे, कळण्याच्या भाकरी टिकतात म्हणून.

आम्ही गुरुवारी सुरत-भुसावळ पॅसेंजरनं निघतोय. भुसावळहून वरणगावची एस.टी. धरू. दुपारनंतर तुझ्या दारात असू.

आता नीट वाच. आम्ही तुला न्यायला येत नाही. माफी मागायला लावायला येत नाही, स्वतः मागायलाही नाही. तुझं नाव परत घालायचा अधिकार मला कालही नव्हता, आज तर मुळीच नाही. तुझ्या घरात ज्यांची तसबीर असेल तिला माय हात जोडेल की नाही मला माहीत नाही, तिला तू विचारू नकोस. आम्हाला फक्त पाहून यायचं आहे. दार उघडावंसं वाटलं नाही, तर खिडकीत उभी राहा. तेवढं पुरे आहे. रविवारी मायला उभं राहून ‘जित्ती शे’ म्हणता आलं पाहिजे.

मी तिला म्हटलं, अगं, तुला समोरचं माणूस दिसत नाही, तू पाहणार कशी?

ती भाकरी फडक्यात बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “डोया कसाले पाहिजेत? हात लाईसन पाहसू.”

म्हणून लिहितो. जमलं तर दारच उघड.

तुझा भाऊ,
शांतवन